ओटीभर कापूस

जळगावात आमच्या बायकांच्या मंडळाचं एक लहानसं सूतिकागृह होतं. इमारत म्हणावी असं त्यात काही नव्हतं. स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका घराच्या पुढच्या दोन खोल्या भाड्यानं घेतलेल्या. एकीत खाटा, दुसरीत नर्सबाईंचं बिऱ्हाड आणि पाणी तापवायची चूल. माझं पहिलं बाळंतपण घरच्याच अंधाऱ्या खोलीत झालं होतं. शेगडीचा धूर आणि दारं-खिडक्या बंद. मी आणि मूल दोघंही वाचलो, पण कसे वाचलो ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. दुसरं बाळंतपण या खोल्यांत झालं. खिडकी उघडी होती, चादर धुतलेली होती आणि नर्सबाई माझ्याशी साध्या आवाजात बोलत होत्या. त्यानंतर मी मंडळात जाऊ लागले ती कायमचीच.

मंडळाच्या प्रमुखांना सगळं गाव अक्का म्हणायचं. त्यांचे यजमान फार लवकर गेले होते. वकील भावाच्या घरी राहायच्या, पण घरात कमी आणि बाहेर जास्त असायच्या. उंच बांधा, खणखणीत आवाज. आडून-आडून बोलणं त्यांना जमायचंच नाही. मी त्यांच्या मानानं अगदी लहान, एका शाळामास्तराची बायको, पण वर्गणी मागायला जायचं असलं की त्या मलाच बरोबर घ्यायच्या. "तू गप्प बसतेस ते बरं आहे," असं म्हणायच्या.

त्या वर्षी दसरा झाला आणि घरमालकांनी निरोप पाठवला. धाकट्या मुलाचं लग्न ठरलंय, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, खोल्या रिकाम्या करून द्या. माणूस वाईट नव्हता. त्यांची अडचण खरीच होती. नगरपालिकेनं आम्हांला गावाच्या कडेला एक मोकळी जागा द्यायचं कबूल केलं होतं, पण त्यावर भिंती उभ्या करायच्या त्या आमच्या आम्हीच.

मग आमची वणवण सुरू झाली. रोज दुपारी जेवणं आटोपली की अक्का दारात हजर. कोणी म्हणे, मालक परगावी गेलेत. कोणी म्हणे, कापसाचा भाव पडलाय, पुढच्या वर्षी या. एका घरी आम्हांला सरबत मिळालं, फुलं मिळाली, आमच्या कामाची तोंड भरून स्तुती मिळाली आणि बाकी काही मिळालं नाही. एका नाटक कंपनीनं आमच्यासाठी एक खेळ लावायचं मान्य केलं. खेळ झालाही. पण खर्च वजा जाता आमच्या हाती न खपलेली तिकिटंच उरली. माझी मुलगी ती पुढे कितीतरी दिवस खेळायला घेत होती.

अशात दोंडाईच्याहून एका मोठ्या व्यापाऱ्यांचा निरोप आला. सूतिकागृहाचं त्यांच्या कानावर गेलं होतं आणि समक्ष भेटा असं त्यांनी कळवलं होतं. आम्ही दोघी सकाळच्या गाडीनं निघालो. अमळनेर मागे पडलं तशी मी दर स्टेशनावर पदर नीट करायला लागले. अक्का मात्र खिडकीशी बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या.

शेठजींनी आमचं फार अगत्यानं स्वागत केलं. गादीवर बसवलं, केशराचं दूध दिलं. म्हातारे गृहस्थ, डोक्यावर पगडी, बोलणं मृदू. अक्कांनी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकही प्रश्न न विचारता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, थोडं थोडं गोळा करत कशाला फिरता? सगळी इमारत मी बांधून देतो. वर माझ्या आईचं नाव लावा, म्हणजे झालं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अक्कांनी हात जोडले.

"फक्त एक बघा," शेठजी पुढे म्हणाले. "आईच्या नावाची वास्तू आहे. गावाबाहेरच्या वस्त्यांतल्या बायकांना तिथं घ्यायचं नाही. त्यांची वेगळी काही सोय करा पाहिजे तर. पण त्या वास्तूत नाही."

अक्कांचे हात तसेच जोडलेले राहिले. मग त्यांनी ते हळूच खाली घेतले.

"शेठजी, आमच्या खोल्यांत खाटा शेजारी शेजारी आहेत," त्या म्हणाल्या. "कळा यायला लागल्या की कोण कुठल्या वस्तीतली, हे आम्ही विचारत नाही. विचारायला सुरुवात केली तर सूतिकागृह उरणार नाही."

"विचार करून सांगा," ते म्हणाले. "घाई नाही."

"विचार झालाय," अक्का म्हणाल्या. "तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा."

म्हातारीला देवाघरी जाऊन किती वर्षं झाली होती कोण जाणे. शेठजींनी माणसाला सांगून आम्हांला टांग्यानं स्टेशनावर पोचवलं, ही त्यांची माणुसकी.

फलाटावर बसल्यावर मला वाटलं होतं, आता रडू येणार. हातातोंडाशी आलेलं गेलं होतं आणि आखाजी पुढ्यात होती. पण रडू आलं नाही. उलट डोक्यावरची घागर उतरवून ठेवल्यावर मानेला वाटतं तसं वाटलं. त्या दुधाचा शेवटचा घोट मी ती अट ऐकत ऐकतच घेतला होता आणि तेव्हापासून तो घशात अडकून राहिला होता. तो खाली उतरला. मी अक्कांना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मलाही भूक लागलीय." आम्ही फलाटावर पुरी-भाजी घेतली आणि पोटभर खाल्ली.

मंडळाच्या सभेत मात्र वादळ झालं. चालून आलेली लक्ष्मी परत पाठवली म्हणून काही जणी चिडल्या. एका डॉक्टरांच्या पत्नी म्हणाल्या, "अक्का, तत्त्वं तुमची, पण उघड्यावर बाळंत होणार दुसऱ्याच बायका." हे बोलणं सगळ्यांनाच लागलं, कारण त्यात खरं होतं. अक्का म्हणाल्या, "म्हणूनच उद्यापासून खेड्यांत जायचं. आपल्याकडे बायका तिथूनच येतात."

पहिलं खेडं असोदा ठरलं, कारण ते माझं सासर. शेतीवाडी, दीर-जावा सगळं तिथंच. आम्ही दमणीनं, बैलांच्या हलक्या गाडीनं गेलो. कापसाची वेचणी ऐन भरात होती, त्यामुळे घराघरांना कड्या. बायका सगळ्या वावरात. मग आम्हीही बांधाबांधानं निघालो. कापूस टाकायला कमरेला ओट्या बांधलेल्या बायका रांगेनं वेचत पुढे सरकत होत्या. अक्का बांधावर उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपल्या खणखणीत आवाजात सूतिकागृहाचं सांगायला सुरुवात केली. बायकांनी हात न थांबवता ऐकलं. त्यांतल्या दोघीतिघी आमच्याकडे येऊन गेलेल्या होत्या, त्या हसल्या. पण अक्का पैशांवर आल्या तशा साऱ्यांच्या नजरा पुन्हा बोंडांकडे वळल्या.

एक म्हातारी म्हणाली, "बाई, आमच्या हाती पैसा कुठी राह्यतो? बाजाराले जातो तो घरधनी. पैसा त्याच्याच खिशात."

इतके दिवस आम्ही पुरुषांच्याच दारात उभ्या राहत होतो आणि बायकांच्या नावानं मागत होतो. तेवढ्यात रांगेतली एक पोरसवदा बाई पुढे आली. तिचे दिवस भरत आले होते, ओटी पोटावर नीट बसत नव्हती म्हणून तिनं ती बाजूला सरकवून बांधली होती. तिनं गाठ सोडली आणि सगळा कापूस माझ्या पदरात ओतला.

"हे चालीन का?" तिनं विचारलं.

मी अक्कांकडे बघितलं. अक्का पहिल्यांदाच गोंधळलेल्या दिसत होत्या. आणि तेवढ्यात बांधाच्या पलीकडून आवाज आला, "हे काय चालू राह्यलं माह्या वावरात?"

वावराचे मालक धोतराचा सोगा हातात धरून तरातरा येत होते. गाव त्यांना आबा म्हणायचं. माझ्या सासऱ्यांच्या वयाचे, म्हणून मी पदर पुढे ओढला, तर पदरात त्यांचाच कापूस. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"कोनाच्या कापसाचं दान चाललं हे?" आबांनी विचारलं.

ती बाई घाबरली, पण मागे सरली नाही. म्हणाली, "माह्या वाट्यातला काढजा, आबा. आज मले वाटा कमी द्या."

वेचणीची मजुरी तेव्हा कापसाच्या वाट्यानं मिळायची. तिनं आपली दिवसाची मजुरीच मला दिली होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. आबांनी कशासाठी ते विचारलं. अक्कांनी सांगितलं. आबा ऐकत होते आणि त्यांचा चेहरा अधिकच तांबडा होत होता. मला वाटलं, आता आम्हांला हाकलणार.

"म्हंजे," ते म्हणाले, "माह्या वावरातली मजूरीन दान देईन, आन् मी तोंड पाहत उभा राहीन? गावात काय म्हनतीन मले?" ते बायकांकडे वळले. "एकेक ओटी समद्या जनी टाका या बाईच्या पदरात. वाट्यातून नाही. माह्यातून."

रांगेत एकदम हसू फुटलं. आबाही कसनुसं हसले. माझा पदर भरला, अक्कांचा भरला, मग आबांनीच एक जुनं धोतर मागवून गाठोडं बांधून दिलं. ते घेऊन आमची दमणी गावात शिरली तेव्हा बाकीचे शेतकरी ओट्यावरून बघत होते. आबांनी दिलं म्हटल्यावर त्यांच्या चुलत भावाला देणं भागच होतं, आणि चुलत भावानं दिल्यावर त्याच्या व्याह्याला. अक्का मला हळूच म्हणाल्या, "आता पैसे मागायचे नाहीत. ओटीभर कापूस मागायचा."

ते फार सोपं निघालं. लेकीसुनांची ओटी भरायची सवय सगळ्यांच्याच हाताला होती. बाळंतपणाच्या घरासाठी ओटी मागितली की नाही म्हणायला कोणाची जीभ उचलत नसे. आम्ही त्या हंगामात पुष्कळ खेडी हिंडलो. कुठं गाठोडं मिळालं, कुठं मूठभर. रिकाम्या हातानं कुठूनच आलो नाही. संध्याकाळी घरी आल्यावर केसांतला कापूस वेचताना मला झोप लागायची आणि ती झोप गाढ असायची.

कापूस साठवला तो आमच्या घरच्या मागच्या पडवीत. माझ्या सासूबाई तेव्हा आमच्याकडे राहायला आल्या होत्या. मी मंडळात जाते हे त्यांना पसंत नव्हतं. तोंडानं काही म्हणत नसत, पण मी चपला घालायला लागले की भांडी जोरात वाजायची. एक दिवस मी परत आले तर त्या पडवीत ढिगाजवळ उकिडव्या बसलेल्या. हातात कापूस, तो ओढून धागा बघत होत्या.

"असा कापूस बाजारात न्याल त हसतीन लोकं," त्या म्हणाल्या. "चांगला हाये, कवडी हाये, पाला हाये, समदा एका ढिगात. याले भाव कोन देईन?"

आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "रडू नको. बोलाव तुह्या बायाइले. आन् येताना चाळन्या आना म्हना."

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांच्या पत्नींसकट सगळ्या आमच्या अंगणात जमल्या. सासूबाई मध्ये पाट टाकून बसल्या. चांगला कापूस एकीकडे, किडका, म्हणजे कवडी, एकीकडे, पाला-कचरा वेगळा. बोटं कशी चालवायची ते त्या करून दाखवायच्या आणि कोणी चुकलं तर हातातून काढून घ्यायच्या. पण रागवायच्या नाहीत. बाळंतपणाच्या गोष्टी निघाल्या. सासूबाईंनी आपली दोन मुलं कशी गेली ते सांगितलं. एवढ्या वर्षांत मी ते त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ऐकताना माझे हात थांबले, तर म्हणाल्या, "वेच, वेच. अंधार पडीन." त्यानंतर मी निघाले की भांडी वाजली नाहीत. उलट, परत आले की माझ्यासाठी शिंक्यावर झाकून ठेवलेली भाकरी असायची.

कापूस बाजारात न्यायचा दिवस आला. माझा दीर गाडी हाकायला होता, मागे अक्का आणि मी. बाजारात गाड्यांची रांग लागलेली, सगळीकडे पुरुष. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरत होते. दोन बायका गाडीवर बसलेल्या बघून लोक वळून वळून बघायचे. पण आडत्यानं कापसात हात खुपसला, मूठभर वर काढला, उजेडात धरला आणि म्हणाला, "माल कोणी निवडलाय? झकास आहे." सासूबाई तिथं असायला हव्या होत्या.

माल चांगल्या भावानं गेला. मापाऱ्यानं वजन केलं आणि आडत्या वजावट सांगू लागला. आडत, हमाली, तोलाई, धर्मादाय.

"धर्मादाय म्हणजे?" अक्कांनी विचारलं.

"दर गाडीवर कापतो आम्ही, अक्का. धर्माच्या कामाला जातो. गोशाळा आहे, पाणपोई आहे. रिवाजच आहे."

"आणि ही गाडी कशाची आहे?"

आडत्या बघतच राहिला. मग कपाळाला हात लावून हसला. "खरंच की. तुमचा नाही कापत."

"नको, कापा," अक्का म्हणाल्या. आता त्यांचा आवाज चांगलाच चढला होता. शेजारच्या गाड्यांवरचे शेतकरीही ऐकायला लागले. "सगळ्यांवर कापता तसा आमच्यावरही कापा. मला फक्त एवढंच सांगा, एवढ्या गाड्यांवर रोज जे कापता, त्यातलं ज्यांनी हा कापूस वेचला त्या बायांसाठी काय जातं?"

आडत्या वहीची पानं चाळायला लागला. तेवढ्यात पारोळ्याकडचा एक शेतकरी गाडीवरून उतरून पुढे आला. भाव बरा मिळेल म्हणून तो एवढ्या लांब आला होता. म्हणाला, "आमनी बी गाडी शे आठे. आमना धर्मादाय बी बायासना दवाखानाले द्या. बठ्ठास्ना घर बाळंतपण व्हस ना, भाऊ!"

बाळंतपण सगळ्यांच्याच घरी होतं, हे सगळ्यांना पटलं आणि रांगेतून "हो, हो, द्या" असा गलका उठला. मी गाडीवर बसले होते, म्हणून मला सगळे चेहरे दिसत होते. ती माणसं आमच्या ओळखीची नव्हती. पण त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरी आम्ही ओटी मागून आलो असणार.

बाजाराच्या पंचांनी अक्कांना चार दिवसांनी बोलावलं. मी बरोबर होते, नेहमीसारखी गप्प. एकानं विचारलं, "मग गोशाळेचं काय?" अक्का म्हणाल्या, "गोशाळेच्या तोंडचं मला नको. या हंगामाचं जे उरलंय, त्यातला वाटा द्या." बराच खल झाला. शेवटी त्यांच्यातले एक वयस्क व्यापारी, ज्यांना सगळे नाना म्हणत, म्हणाले, "उरलेल्या हंगामाचा धर्मादाय निम्मा सूतिकागृहाला. पुढचं पुढे बघू."

मला राहवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी अशा बैठकीत तोंड उघडलं.

"आणि अट काय?" मी विचारलं.

नानांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "अट कसली, पोरी? शेतकऱ्याचा पैसा आहे. त्याच्याच घरी चाललाय."

मी मान खाली घातली, कारण आता मात्र रडू आलंच.

माघात पाया खणला. काळ्या दगडाचं जोतं, विटांच्या भिंती आणि वर पत्रे. छान म्हणावी अशी इमारत ती नव्हतीच. उन्हाळ्यात पत्रे तापायचे म्हणून त्यावर कापसाच्या पऱ्हाट्या अंथराव्या लागायच्या. वर कोणाचंही नाव लावलं नाही. डॉक्टरांच्या पत्नींनीच खिडक्यांना पडदे शिवले. धुळ्याच्या काही बायका मुद्दाम बघायला आल्या. त्यांनाही तिथं असंच काही सुरू करायचं होतं आणि त्याही दारोदार फिरून थकल्या होत्या. अक्कांनी त्यांना दिवसभर ठेवून घेतलं, जेवू घातलं आणि मला म्हणाल्या, "आता तू सांग यांना." मी सांगितलं. सांगताना माझ्या लक्षात आलं, मला आता बोलता येतं.

आखाजीच्या आधी आम्ही खाटा नव्या जागी हलवल्या. जुन्या घरमालकांनी स्वतःची गाडी दिली, नव्या घराला नारळही दिला. नर्सबाईंनी चूल मांडली, पाणी तापत ठेवलं. दुपारपर्यंत सगळं लागलं. त्या दिवशी कोणीच बाळंतीण आलेली नव्हती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच आम्हांला करायला काहीच उरलं नव्हतं. आम्ही सगळ्या जोत्यावर पाय सोडून बसलो. नर्सबाईंनी चहा केला. चुन्याचा ओला वास येत होता आणि पलीकडच्या निंबाखाली नांगरटीहून परतलेले बैल रवंथ करत होते.

अक्कांनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "जा गं घरी आता. मुलं वाट बघत असतील."

मी उठले. रोज वर्गणीला निघताना मी भरभर चालायची, पदर खोचून. त्या दिवशी मी सावकाश, गावातले ओटे आणि ओट्यांवरची माणसं बघत बघत घरी गेले.